बडोद्यातून मराठी अंक काढायचा असेल तर आधी यादी, मग कागद

बडोद्यातल्या तिघांनी विचारलंय. एक जण फाइन आर्ट्सला आहे, दोघं नोकरी करतात, घरी तिघांच्याही मराठी. कविता, कथा आणि गुजरातीतून केलेले अनुवाद यांचा एक छोटा अंक काढायचा आहे, जमलंच तर पुढे पुस्तकंही. छोट्या प्रकाशनांच्या जगात सध्या काय चाललंय, सरकारी नोंदणी लागते का, पहिल्या अंकाच्या किती प्रती काढाव्यात, अंकाला नाव काय द्यावं, आणि गुजरातेत बसून मराठी अंक चालतो का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यातच धाकधूक जास्त दिसते. चालतो. बडोद्यात बसून छापायला आपल्याला कधी कुणाला विचारावं लागलेलं नाही. दामोदर सावळाराम यंदे यांनी एकोणिसाव्या शतकातच इथून 'बडोदा वत्सल' आणि 'श्रीसयाजीविजय' ही वृत्तपत्रं चालवली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. पुढे १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी 'वृश्चिक' हे नियतकालिक काढलं. भाषा इंग्रजी, पानं मोजकी, आत चित्रकारांची लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेले छाप) आणि रेखाटनं, कवितांचे अनुवाद, शिवाय ललित कला अकादमीच्या कारभारावर खरमरीत टीका. आपल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सुरेश जोशींच्या 'क्षितिज' या नियतकालिकाने तर त्याआधीच गुजराती आधुनिक साहित्याला वळण लावलं होतं.

यात मराठी किती, असं कुणी विचारेल. विचारू दे. खालच्या मजल्यावर गुजराती कवी राहतो आणि सायकलच्या अंतरावर चित्रकारांचं आख्खं गाव आहे, हे पुण्यातल्या कुठल्या अंकाच्या नशिबी नाही. तुमची खरी पुंजी अनुवाद आणि चित्रं ही आहे. पुण्या-मुंबईच्या अंकांना जे साभार परत गेलं ते छापायचं ठिकाण एवढीच ओळख राहणार असेल, तर तिघांनी ते पैसे सहलीवर उडवावेत.

लघुनियतकालिकांचा, म्हणजे लिटल मॅगझिनांचा, इतिहास तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून लांबण लावत नाही. १९५५च्या सुमारास 'शब्द' सायक्लोस्टाइल होऊन (स्टेन्सिलवरून प्रती काढून) निघालं, त्यात दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर होते. साठच्या दशकात 'असो', 'फक्त', 'येरू', 'वाचा' आली. या मंडळींना छपाई परवडत नव्हती, पण वाचक हाकेच्या अंतरावर होते आणि टपाल स्वस्त होतं. आता सगळं फिरलंय. पन्नास प्रतीही दोन दिवसांत छापून मिळतात, त्या पोचवतानाच दम निघतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं: अंक कुणाकुणाकडे जाणार याची नावानिशी यादी हातात आल्याशिवाय छापखान्याची पायरी चढू नका.

सध्या काय चाललंय याचं उत्तरही तिथेच जातं. छोट्या प्रकाशकांमध्ये गेल्या काही काळात चर्चा कुठल्या कवीची झाली नसेल तेवढी टपालाची झाली. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकं स्वस्तात पाठवायची जुनी बुक पोस्टची सवलत बंद केली. अनेकांना ते पाकिटांचा गठ्ठा घेऊन खिडकीवर गेल्यावर कळलं. दीडशे रुपयांचा कवितासंग्रह पाठवायला पुस्तकाच्या किमतीचा मोठा हिस्सा टपालातच जायला लागला, तेव्हा कित्येकांनी पाठवणीच थांबवली. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पुढे वजनाप्रमाणे वाढत ५ किलोला १०० रुपये, वर कर. पाकीट जमिनीच्या मार्गाने जातं, म्हणजे हळू जातं, पण त्याचा माग काढता येतो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे 'रजिस्टर करून टाकू' हा स्वस्तातला जुना मार्ग उरलेला नाही.

आता हे २० रुपये तुमच्या अंकाच्या आकाराशी जोडून बघा. डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद. १८ बाय २३ इंचांच्या एका तावात सोळा पानांचा फॉर्म बसतो आणि त्या तावाचं वजन पावणेएकोणीस ग्रॅमच्या आसपास भरतं. ९६ पानांचा अंक म्हणजे सहा फॉर्म, साधारण ११२ ग्रॅम. जाड कार्डाचं कव्हर धरलं तर १३० ग्रॅम. म्हणजे पाकिटासकट दोन प्रती ३०० ग्रॅमच्या आत बसतात! वर्गणी लावताना हे विसरू नका. एका पत्त्यावर दोन प्रती, एक तुमची आणि एक तुम्ही ज्याला द्याल त्याची, असं ठरवलं तर टपालखर्च निम्म्यावर येतो आणि वाचक आपणहून दुप्पट होतात. पुस्तक काढाल तेव्हाही दोनशे पानांच्या आसपास थांबलात तर एक प्रत याच टप्प्यात जाते. पानांची संख्या ठरवताना लेखकाच्या हौसेइतकाच तराजूचाही विचार करावा, असं माझं मत झालं आहे.

ज्ञान पोस्टाला अटी आहेत. मजकूर शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक हवा, छापलेल्या प्रतीवर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि आत जाहिराती नकोत. पुस्तकांच्या यादीसारखी किरकोळ निवेदनं चालतात. म्हणजे दांडिया बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराचं 'शुभेच्छुक' असं पान घेतलंत, तर हजार-दोन हजार मिळतील आणि सगळा गठ्ठा महाग दरात जाईल. आधी हिशेब मांडा. बहुतेक वेळा ते पान नाकारणंच फायद्याचं पडतं. दुकानदाराला दुखवायचं नसेल तर त्याला वर्गणीदार करा.

परदेशातली एक घडामोडही माहीत असू द्या. अमेरिकेत बर्कली इथे १९६९ पासून चालणारी 'स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन' ही वितरणसंस्था २८ मार्च २०२४ रोजी एकाएकी बंद पडली. सुमारे चारशे छोट्या प्रकाशकांची पुस्तकं तिच्याकडून जात होती. साठा गोदामात, येणी थकलेली, आणि कित्येकांकडे आपला वाचक कोण याची माहितीच नाही, कारण ती सगळी वितरकाकडे. आपल्याकडे एवढी मोठी संस्था नाही म्हणून एवढा मोठा धक्काही बसत नाही, पण रोग तोच आहे. वितरकाला चाळीस टक्के देऊन प्रती उचलून दिल्या की प्रकाशकाला वाटतं, अंक खपला. प्रत्यक्षात त्या प्रती फक्त दुसऱ्याच्या माळ्यावर गेलेल्या असतात. दुकानात पाच-दहा प्रती ठेवा, दिसायला बरं असतं, पण अंकाचा खर्च तिथून निघेल अशी आशा धरू नका.

यादी कशी करायची? बडोद्यातून बाहेर पडलेल्या मराठी माणसांपासून सुरुवात करा. पुणे, ठाणे, इंदूर, न्यू जर्सी, जिथे असतील तिथे. बडोद्याचं नाव काढलं की या मंडळींचा हात खिशाकडे लवकर जातो, तिथे थोडा भावनेचा फायदा घेतलात तरी मी काही म्हणणार नाही. त्यानंतर अनुवाद ज्यांचे छापणार ते गुजराती लेखक आणि त्यांचे मराठी वाचू शकणारे मित्र, बडोद्यात असे लोक वाटतात त्याहून खूप आहेत. मग चित्रकार. लिहिणारे सर्वांत शेवटी, कारण लिहिणारा माणूस अंक विकत घेण्यापेक्षा अंकात येण्याची वाट बघतो. एका वहीत किंवा शीटमध्ये नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन आणि वर्गणी कधी संपते ती तारीख. यूपीआयवर पैसे येतात, सोबत अंगठ्याचं चिन्ह येतं, पत्ता येत नाही. पिनकोड मिळेपर्यंत नाव यादीत चढवायचं नाही, एवढा कडकपणा ठेवा.

प्रतींचा आकडा आता आपोआप मिळतो. यादीत दीडशे नावं असतील तर तेवढे पत्ते, अधिक लेखक-अनुवादकांच्या प्रती, अधिक पन्नास. तीनशेच्या आत असाल तर डिजिटल छपाई, पाचशेकडे झुकलात तर ऑफसेट. मधल्या पट्ट्यात दोन्हीकडून भाव काढा. ऑफसेटवाला हमखास म्हणतो, 'हजार करो ने, भाव बेसी जशे.' भाव बसतो, आणि उरलेले सातशे अंक तुमच्या पलंगाखाली बसतात. कागदाचंही लक्षात असू द्या: सप्टेंबर २०२५ मध्ये छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. छापील पुस्तकावर कर शून्य आहे, म्हणून कागदावर भरलेला कर आपल्याला कुठे वळताही करता येत नाही. तो किमतीत जातो. पांढऱ्याशुभ्र कागदाऐवजी नॅचरल शेड घ्या. डोळ्यांना सुखाचा असतो आणि मागची अक्षरं कमी दिसतात.

अक्षरजुळणीवर मात्र थोडं थांबते, कारण बडोद्यात मराठी अंकाची खरी परीक्षा इथे होते. डीटीपी करणारा मुलगा गुजरातीत तरबेज असतो, हिंदीही करतो, आणि मराठी म्हणजे हिंदीच असं धरून चालतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून फाइल देता. तो ती पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ओततो आणि वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतात, कारण परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) लावलेला नसतो. तो लावून घ्या. मग भाषा मराठी निवडून घ्या, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. फॉन्टमध्ये मराठी वळणाची रूपं आहेत का, हे आधी तपासावं लागतं. एक टाइपचा 'मुक्ता' फुकट आहे, त्यात एक पान काढून बघा. मग प्रूफ हातात घेऊन पहिल्यांदा कविता वाचू नका. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द शोधा. तिथला ऱ्य मोडून र्य झाला असेल तर फाइलभर तेच झालेलं असणार. 'ॲ' शोधा, ऱ्हस्व-दीर्घ नंतर. आणि कवितेच्या ओळी! ओळ पानात मावत नाही म्हणून ऑपरेटर ती गुपचूप तोडतो किंवा अक्षर अर्ध्या पॉइंटने आवळतो. कवीला ते पहिल्या नजरेत दिसतं आणि तो तुमच्याशी वर्षभर बोलत नाही. लांब ओळींचा कवी घेणार असाल तर आकारच रुंद घ्या. कोलटकरांची मराठी पुस्तकं काढणाऱ्या अशोक शहाण्यांच्या 'प्रास' प्रकाशनाकडून शिकावं ते हे की पुस्तकाचा आकार मजकुरातून निघाला पाहिजे.

कव्हरसाठी तुमच्यातला फाइन आर्ट्सवाला फुकटात राबवा. चाररंगी चकचकीत कव्हरच्या फंदात पडूच नका. लिनोकट करा, हाताने छापा. दोनशे-अडीचशे कव्हरं दोन शनिवार-रविवारात सहज होतात. अक्षरं लिनोवर उलटी कोरायची असतात. देवनागरीत शिरोरेषा आधी सरळ आखून घ्या, मग तिला लटकलेली अक्षरं कोरा, नाहीतर नाव उतरणीला लागल्यासारखं दिसतं. कार्ड अनकोटेड घ्या, चकचकीत कार्डावर शाई वर तरंगत राहते आणि बोटाला येते. तेलाची शाई दोरीवर टांगून दोन दिवसांत वाळते, पावसाळ्यात चार दिवस धरा. कार्डाचे तंतू पाठीला समांतर जातील असं कापून घ्या, आडवे गेले तर घडीवर कव्हर तडकतं. बाइंडरकडे देण्याआधी घडीची रेघ दाबून घ्या आणि गठ्ठ्यात मध्ये मध्ये बटर पेपर घाला, म्हणजे एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागत नाही. बारीक अंकाला सेंटर पिन (घडीवर मारलेली पिन) पुरते, ९६ पानांना परफेक्ट बाइंडिंग (पाठ डिंकाने चिकटवून) करा.

अंक दिवाळीत काढू नका. १९०९च्या 'मनोरंजन'पासून मराठी माणसाला दिवाळी अंकाची सवय आहे हे खरं, पण त्या गर्दीत ९६ पानांचा बडोद्याचा अंक कोण उचलणार? शिवाय इथले छापखाने दिवाळीला बंद होतात ते लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, उघडत नाहीत. त्यानंतर लग्नाच्या कंकोत्र्यांचा, म्हणजे पत्रिकांचा, हंगाम, मग उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण. फेब्रुवारी-मार्च किंवा थेट पावसाळा, या दोन खिडक्या बऱ्या. मे-जूनमध्ये शाळांची कामं असतात, तेव्हा तुमची कविता सर्वांत खाली जाते.

नोंदणीचं थोडक्यात. १८६७चा जुना कायदा गेला आणि १ मार्च २०२४ पासून २०२३चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. अर्ज ऑनलाइन, प्रेस सेवा पोर्टलवर. शीर्षक आणि नोंदणी एकत्रच. ठरावीक कालावधीने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन म्हणजे नियतकालिक, अशी त्यात व्याख्या आहे. पुस्तक त्यात येत नाही. तिमाही म्हणून बांधून घ्यायचं असेल तर रीतसर नोंदणी करा, दंडाची रक्कम छोट्या माणसाला झेपणारी नाही. माझा सल्ला विचाराल तर पहिली दोन वर्षं प्रत्येक अंक स्वतंत्र पुस्तक म्हणून काढा, वेगळ्या नावाचा, वेगळ्या आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा). हा क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. कुणी पैसे घेऊन 'काढून देतो' म्हणाला तर त्याला वाटेला लावा. ज्ञान पोस्टालाही पुस्तकच सोयीचं पडतं.

आयएसएसएनच्या, म्हणजे नियतकालिकांना मिळणाऱ्या क्रमांकाच्या, मागे लागू नका. तो मिळाला की प्राध्यापकांचे लेख येऊ लागतात आणि अंकाचा नूर बदलतो. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये संशोधन-पत्रिकांची केअर यादी गुंडाळली, तेव्हा तो ओघ थोडा आटेल असं वाटलं होतं. फारसा आटलेला दिसत नाही. १९५४च्या कायद्यानुसार मात्र प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. छोटे प्रकाशक हे सर्रास टाळतात. तुम्ही टाळू नका. त्या चार प्रतींबरोबर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीला आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीलाही द्या. कोलकात्यात संदीप दत्त यांनी १९७८ पासून स्वतःच्या घरात लिटल मॅगझिनांचं ग्रंथालय उभं केलं म्हणून बंगालीतले असंख्य अंक आज बघायला तरी मिळतात. मराठीतले सायक्लोस्टाइल अंक शोधायला निघालात की कळतं, अशा माणसाअभावी काय होतं.

आता पैशांचं अवघड बोलणं. कवीकडून पैसे घेऊन त्याचा संग्रह काढायचा, ही वाट तुमच्यासमोर पहिल्या वर्षातच येईल. 'निम्मा खर्च मी देतो' असं म्हणणारे निवृत्त, सज्जन, आर्जवी लोक असतात, नाही म्हणणं जिवावर येतं. तरी नाहीच म्हणा. एकदा ते सुरू झालं की संपादन संपतं; पैसे देणाऱ्याची वाईट कविता कापण्याचा अधिकार तुमच्याकडे उरत नाही, आणि वाचकाला ते दोन पुस्तकांत कळतं. ज्यांना स्वखर्चाने पुस्तक काढायचं आहे त्यांना चांगला छापखाना सुचवा, प्रूफं वाचून द्या, तुमचं नाव देऊ नका. उलट अनुवादकाला मात्र मानधन द्या, पाचशे का होईना. आणि मूळ गुजराती लेखकाची परवानगी लेखी घ्या. ओळखीत तोंडी चालतं असं सगळे सांगतात, लेखक वारल्यावर वारसांना तोंडी परवानगी ऐकू येत नाही.

संमेलनांच्या नादी किती लागायचं? २०१८ साली एक्याण्णवावं साहित्य संमेलन बडोद्यात झालं, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. मांडवात पुस्तकांची झुंबड असते, ओळखी होतात, पत्ते मिळतात, तेवढ्यासाठी जावं. स्टॉलचं भाडं छोट्याला परवडत नाही. दोन-तीन छोट्या प्रकाशनांनी मिळून एक टेबल घ्यावं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यावर छोट्या प्रकाशनांना काही मिळेल का, असंही विचारतात. निधी येईल तो संस्थांकडे आणि प्रकल्पांकडे जाईल. तुम्ही यादी वाढवा.

घरगुती वाचन मात्र जरूर करा. कुणाच्या तरी दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसं, मूळ गुजराती कविता आधी, मराठी मागून, चहा, आणि दाराशी अंकांचा गठ्ठा. भाषणं नकोत, दीपप्रज्वलन तर नकोच. एका संध्याकाळी दहा-बारा प्रती जातात आणि यादीत चार-पाच नवे पत्ते येतात, दुकानातून सहा महिन्यांत येत नाहीत तेवढे.

राहिलं नाव. तुम्ही पाठवलेल्या तीन नावांपैकी पहिलं फार संस्कृत आहे, दुसरं आधीच कुणीतरी वापरलंय असं वाटतं, प्रेस सेवा पोर्टलवर शोधून बघा. तिसरं बरं आहे, पण त्यात चार जोडाक्षरं आहेत. लिनोवर ती उलटी कोरणाऱ्याला आधी विचारा.